कुजबुजत घेतलेली हजेरी

माझ्या सासऱ्यांना त्यांचे विद्यार्थी एका जर्मन हुकूमशहाच्या नावाने ओळखायचे. कोणत्या ते सांगायला नको, आणि ते नाव मी इथे लिहिणारही नाही. आपल्याकडे ही रीतच आहे. शिस्तीचा मास्तर, करडी आत्या, ऑफिसातला खडूस साहेब, कुणालाही ते नाव चिकटवायचं आणि हसायचं. सासरे नागपूरच्या एका शाळेचे मुख्याध्यापक होते आणि ते नाव पदवीसारखं मिरवायचे. लग्नानंतर नवऱ्याच्या एका शाळूसोबत्याने माझ्यासमोर त्यांची ओळख करून दिली ती याच नावाने, आणि सासरे मिशीतल्या मिशीत हसले होते. मलाही तेव्हा त्यात गंमतच वाटली होती.

मी पुण्याची. हायस्कुलात इतिहास शिकवायचे. नवऱ्याच्या नोकरीपायी आम्ही अमेरिकेत, मिनेसोटातल्या ईडन प्रेरीला आलो आणि माझ्या व्हिसावर 'डिपेंडंट' हा शब्द आला. म्हणजे नोकरी करायची नाही, नवऱ्याच्या जिवावर बसायचं. पहिला हिवाळा मी खिडकीशी बसून बर्फाला शिव्या देत काढला. मग मुलीच्या शाळेतून निरोप आला की लायब्ररीत हाताखाली पालक हवे आहेत. दुसऱ्याच दिवशी मी तिथे जाऊन उभी राहिले. फुकट राबायला कायद्याची काही हरकत नव्हती.

लायब्ररी सांभाळणाऱ्या बाईंना शाळेत 'मीडिया स्पेशालिस्ट' म्हणत. मला वाटलं कुणी टीव्हीवाल्या असतील. निघाल्या साठीच्या, बुटक्या, पांढऱ्या आखूड केसांच्या, गळ्यात दोरीला चष्मा अडकवलेल्या. त्या ज्यू आहेत हे मला बरंच उशिरा कळलं. पहिल्या दिवशी त्यांनी मला पुस्तकाला प्लास्टिकचं कव्हर कसं घालायचं ते दाखवलं. मी घातलेलं पहिलं कव्हर त्यांनी उलटंसुलटं करून पाहिलं, शांतपणे काढून टाकलं आणि पुस्तक परत माझ्या हातात दिलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दहा वर्षं मास्तरकी केलेल्या बाईला ही वागणूक! पण दुसरं कव्हर मी असं घातलं की त्यात एक बुडबुडा राहिला नाही. "गुड," त्या म्हणाल्या. तेवढंच. आमचं जमलं ते तिथपासून.

दर वर्षी बर्फ वितळायला लागला की चौथीच्या वर्गांसाठी बाई एक वेगळा कप्पा उघडायच्या. त्यात होती चित्रांची पुस्तकं, सगळी एकाच विषयावरची: महायुद्धात ज्यू माणसं त्या हुकूमशहाच्या राजवटीपुढे कशी वाकली नाहीत. दुसरं महायुद्ध मीही नववीला शिकवलं होतं. कारणं लिहा, परिणाम लिहा, आणि ज्यूंचा छळ म्हणजे पाठ्यपुस्तकातल्या दीड ओळी. त्या दीड ओळींवरून मी समजून चालले होते की ती माणसं बिचारी निमूट गेली. आमच्याकडे कसे तलवारी उपसून उठले असते, असंही मनात यायचं. पुण्यात वाढलेल्या माणसाला हे आपोआप येतं.

बाईंच्या पुस्तकांत तलवारी नव्हत्या. एका पुस्तकात कुंपण घालून बंद केलेल्या वस्तीतली एक मुलगी टोपलीत वर बटाटे आणि खाली गोष्टीची पुस्तकं घालून घरोघर फिरायची. एकात माणसं जंगलात पळून जाऊन जमिनीखाली घरं खणून राहिली होती. त्यांच्याकडे बंदुका होत्या आणि ती लढतही होती, पण चित्रकाराने सगळ्यात मोठं पान दिलं होतं ते चुलीला, चुलीभोवतीच्या म्हाताऱ्यांना आणि एका झाडाखाली दाढी करत बसलेल्या न्हाव्याला. एका पुस्तकात एक आई बटाटा कोरून, त्यात तेलाचा थेंब घालून सणाची वात लावत होती.

आणि बाईंची शिकवायची तऱ्हा! मजकुरावर त्या पुठ्ठ्याची पट्टी धरायच्या. मुलांना दिसायचं ते नुसतं चित्र. काय वाटतं ते विचारायचं नाही, काय दिसतं ते सांगायचं. मुलं गालिच्यावर लोळत, हाताचा टेकू हनुवटीला देऊन बघत राहायची. दिसेल ते सांगून झालं की बाई एकच प्रश्न विचारायच्या: "या चित्रातलं माणूस काय सोडायला तयार नाही?" मुलं विचार करायची. ती वाचायचं सोडायला तयार नाही. तो दाढी करायचं सोडायला तयार नाही. मग पट्टी काढून बाई मजकूर वाचायच्या, आवाज न चढवता, कुठेही गळा न काढता. मी हातातलं प्लास्टिक तसंच ठेवून ऐकत राहायचे. खरं सांगते, इतकं चांगलं शिकवणं मी त्याआधी पाहिलं नव्हतं, आणि मी शिक्षकांच्या घरात वाढलेली बाई आहे.

छळछावण्यांची चित्रं त्या दाखवत नसत. का, असं मी एकदा विचारलं. "ते त्यांना पुढे कळेलच," त्या म्हणाल्या. "पण या लोकांची आणि मुलांची पहिली ओळख प्रेतं म्हणून व्हायला नको. आधी ती जिवंत माणसं म्हणून भेटू देत."

२००५ च्या वसंतात माझी मुलगी चौथीत होती. सासूबाई जाऊन वर्ष झालं होतं आणि सासरे सहा महिन्यांसाठी आमच्याकडे राहायला आले होते. आजोबा आणि नात यांचं मेतकूट असं जमलं की मला घरात कुणी विचारेना. रोज सकाळी सासरे नवऱ्याचं जाडजूड जॅकेट चढवून, वर स्वतःचा मफलर गुंडाळून तिला स्कूलबसपर्यंत सोडायला जायचे. वाटेत पाढे चालायचे. ती इंग्रजीत बडबडायची, ते नागपुरी मराठीत उत्तर द्यायचे, आणि दोघांनाही सगळं कळायचं.

एका दुपारी बाईंनी तिच्या वर्गाला विचारलं, "तुमच्या घरात असं कोण आहे, जे हाती घेतलेलं काम काही झालं तरी सोडत नाही?" सगळ्यांत आधी माझ्या मुलीचा हात वर गेला. मी मागच्या टेबलावर कव्हरं कापत होते. "माय ग्रँडफादर!" ती म्हणाली. त्यांचे विद्यार्थी त्यांना काय म्हणतात माहितेय का, असं म्हणून तिने ते नाव सांगितलं. चेहरा अभिमानाने नुसता फुलला होता.

वर्गात एक मुलगा फिस्सकन हसला आणि एकदम गप्प झाला. मुलीला काहीतरी चुकलंय एवढं कळलं, काय ते कळेना. तिने वळून माझ्याकडे पाहिलं. हातातली कात्री कुठे ठेवावी ते मला सुचेना.

बाई रागावल्या नाहीत, दचकल्याही नाहीत. त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "तुझे आजोबा काय करायचे ते सांग," त्या म्हणाल्या. मुलगी अडखळत सांगायला लागली. नापास झालेल्या मुलांना ते पहाटे घरी बोलावून शिकवायचे. आजी सगळ्यांना चहा द्यायची. कुणी शाळा सोडली की आजोबा सायकल काढून त्याच्या घरी जायचे आणि त्याला परत आणायचे, त्याचे बाबा ओरडले तरी. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तू सांगितलेल्या माणसाला भेटायला मला फार आवडेल. पण हे नाव त्यांचं नाही. चुकून एका खुन्याचं नाव त्यांना लागलंय." तो खुनी कोण, त्याने काय केलं, हे त्यांनी मोजक्या वाक्यांत सांगितलं आणि पुढचं पान उलटलं.

तास संपल्यावर मी तावातावाने त्यांच्यापाशी गेले. "आमच्याकडे ती नुसती बोलायची पद्धत आहे," मी म्हणाले. "त्यात कुणाचा वाईट हेतू नसतो."

"मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "तुमच्याकडच्या मुलांकडून मी हे आधीही ऐकलंय. कुणाचा काका, कुणाचा क्रिकेटचा कोच. तुमच्यापर्यंत तो माणूस पोचला नाही, म्हणून तुम्हाला हसता येतं. पोचला नाही हे चांगलंच झालं." पुस्तकं लावता लावता त्या थांबल्या. "पण तुमच्या मुलीला आता कळलंय. घरी गेल्यावर ती काय करेल, तेवढं बघा."

एवढंच. स्वतःच्या घरच्या कुणाचं त्यांनी काही सांगितलं नाही. तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. युद्धात त्यांचं कोण गेलं असेल याचा अंदाज मला होता, पण वाद जिंकायला त्यांनी ती माणसं कधी पुढे केली नाहीत. मी असते तर पहिल्याच वाक्याला केली असती. माझ्या मनात त्यांच्याबद्दल जो आदर आहे, तो मुख्यतः यासाठी आहे.

मुलीने काय करायचं ते केलंच. संध्याकाळी जेवताना तिने आजोबांना विचारलं, "आजोबा, तो माणूस कोण होता, डू यू नो?"

"माहीत आहे नं," सासरे म्हणाले. "मोठा कडक माणूस होता."

"ही किल्ड किड्स, आजोबा. माझ्याएवढे किड्स."

"अगं, पोरं मला प्रेमानं म्हणतात ते."

"अँड यू लाइक इट?"

सासरे खोटं बोलणारे नव्हते. "आवडते," ते म्हणाले. मुलीने चमचा खाली ठेवला आणि उठून वर निघून गेली. सासरे माझ्यावर भडकले. "काय शिकवून राहिले हे पोरीला शाळेत?" नवरा "होईल शांत, लहान आहे," असं पुटपुटून लॅपटॉपमागे गेला. नवऱ्यांना लॅपटॉप फार सोयीचे झाले आहेत.

ती शांत झाली नाही. दुसऱ्या दिवशी सासरे मफलर गुंडाळून दाराशी उभे राहिले, तर ही गॅरेजमधून परस्पर निघून गेली. ते धापा टाकत मागून गेले. ती पुढे चालत राहिली आणि मागे वळली नाही. पाढे बंद झाले. त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसणं बंद झालं. विचारलं तर ती नीट, सभ्यपणे उत्तर द्यायची, पाहुण्यांना देतात तसं. मी खिडकीतून त्या दोघांना रस्त्याने एकामागे एक जाताना बघायचे. जूनमध्ये ते परत जाणार होते. त्यांचं वय बघता पुन्हा भेट कधी होईल, होईल की नाही, कुणी सांगावं? ही पोर अशीच अबोल्यात त्यांना विमानात बसवणार, या विचाराने मला भीती वाटायची.

त्यात तो सत्कार. मेच्या अखेरीस नागपुरात त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांचा मेळावा होता. सर अमेरिकेत, म्हणून फोन स्पीकरवर लावून सगळ्यांसमोर मानपत्र वाचायचं ठरलं होतं. सासरे फेब्रुवारीपासून त्याबद्दल बोलत होते. मानपत्रात ते नाव येणार, टाळ्या पडणार, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. मुलीलाही. एकदा गाडीत ती मला म्हणाली, "इफ ही लेट्स देम से इट, मी त्यांच्याशी कधीच बोलणार नाही. आय मीन इट, आई." मी आरशात तिच्याकडे पाहिलं. खरंच म्हणत होती. हट्ट कुणाकडून उचलला होता ते उघडच होतं.

मी सासऱ्यांना ते सांगितलं. मला वाटलं चिडतील. ते चिडले नाहीत. बराच वेळ हातातल्या पेपरची घडी घालत राहिले. "सूनबाई, ही पोरं आधी मला घाबरायची," ते म्हणाले. "मग मोठी झाली, संसाराला लागली, आणि त्या भीतीचं प्रेम झालं. ते सगळं त्या एका नावात आहे. तुझ्या सासूनंतर माझ्याजवळ दुसरं उरलंय काय?"

मला त्यांची कीव आली, आणि कीव आली म्हणून रागही आला.

बाईंपाशी मी यातलं थोडंफार बोलले होते. त्यांनी सल्ला दिला नाही. कप्प्यातून एक पुस्तक काढलं आणि म्हणाल्या, "त्यांना द्या. मुख्याध्यापकांसाठी आहे." मी घरी आणून दिलं. "चित्राचं पुस्तक? मला?" सासरे म्हणाले आणि पुस्तक पेपरांच्या गठ्ठ्याखाली गेलं.

मग मी जरा लबाडी केली. लायब्ररीत फाटक्या पुस्तकांचा ढीग साठलाय, शिवायला माणूस नाही, असं त्यांच्या कानावर घातलं. शाळेची पुस्तकं सुट्टीत स्वतः बसून शिवणारा माणूस तो. सुई-दोरा घेऊन आले. मुलांच्या चिमुकल्या खुर्चीत गुडघे छातीशी घेऊन बसले आणि गालिच्यावर लोळणारी चौथी बघून मोठ्याने म्हणाले, "ही काय शाळा झाली?" नशीब, मराठीत म्हणाले. माझी मुलगी पुढे बसली होती. ती वळली नाही.

बाईंनी त्या दिवशी त्याच पुस्तकाची दुसरी प्रत काढली. गोष्ट अशी: बंद वस्तीत शाळा भरवायला मनाई आहे. शिकवताना कुणी सापडलं तर धडगत नाही. एक शिक्षिका तरीही एका स्वयंपाकघरात शाळा भरवते. बाईंनी मजकुरावर पट्टी धरली. मुलं सांगायला लागली. सगळ्यांचे बूट हातात आहेत. एक जण खिडकीशी उभा राहून बाहेर बघतोय. टीचरचं तोंड अगदी थोडंसं उघडलंय, म्हणजे ती कुजबुजतेय.

आणि माझ्या सासऱ्यांनी हात वर केला. विचारल्याशिवाय वर्गात बोलायचं नाही, ही शिस्त त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांना लावलेली. बाईंनी मान हलवल्यावर ते उभे राहिले आणि आपल्या करकरीत इंग्रजीत म्हणाले, "मॅडम, या शिक्षिकेने घरात ओव्हरकोट का घातला आहे?"

"तुम्हाला काय दिसतं, सर?" बाईंनी विचारलं.

"थंडी आहे. सरपण नसेल."

गालिच्यावर पालथी पडलेली एक मुलगी म्हणाली, "कोट बघा ना. तो चौकोनी फुगलाय. तिने आत पुस्तकं शिवलीत."

सासऱ्यांनी चष्मा काढला, पुसला, पुढे होऊन चित्र पुन्हा पाहिलं. "करेक्ट," ते म्हणाले. ती मुलगी लाल झाली. ते खाली बसले, पण सुई-दोरा त्यांनी परत हातात घेतला नाही.

पुढच्या पानावर ती शिक्षिका हजेरी घेत होती. कागद ठेवायची सोय नाही, म्हणून नावं तोंडपाठ. ती एकेक नाव कुजबुजते आणि मुलं 'हजर' म्हणण्याऐवजी एक बोट वर करतात. मग एके दिवशी एका नावाला बोट वर होत नाही. ते मूल पुन्हा येत नाही. तरी दुसऱ्या दिवशी ती ते नाव घेते. मग आणखी एक बोट कमी. ती सगळी नावं घेते, रोज, त्याच क्रमाने, एकही न गाळता.

"या बाई काय सोडायला तयार नाहीत?" आमच्या बाईंनी विचारलं.

"नावं," कुणीतरी म्हणालं.

परत येताना गाडीत, घराच्या वळणावर सासरे म्हणाले, "हाडाची शिक्षिका आहे." पुस्तकातली की लायब्ररीतली, ते मी विचारलं नाही. सत्काराचा विषय त्यांनी काढला नाही आणि मीही काढला नाही. मात्र पेपरांच्या गठ्ठ्याखालचं ते पुस्तक दुसऱ्या दिवशी त्यांच्या उशाशी दिसलं.

मेळाव्याचा शनिवार आला. नागपुरात रात्र, आमच्याकडे सकाळ. सासरे बंद गळ्याचा कोट घालून, वर मफलर टाकून स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले, फोनवर कुणाला दिसणार नव्हतं तरी. समोर फोन, बाजूला ते पुस्तक. मुलगी जिन्याच्या वरच्या पायरीवर गुडघ्यांना मिठी मारून बसली होती. तिला खाली बोलावण्यात अर्थ नव्हता. मी गॅस बंद करून ओट्याला टेकून उभी राहिले. नवराही त्या दिवशी लॅपटॉप मिटून आला.

"सर, आवाज येऊन राहिला का?" फोनमधून कुणीतरी ओरडलं. मागे खुर्च्यांची खडखड, हशा, टाळ्या. एक एक जण माईकवर येऊन नाव सांगत होता. कुणी इंजिनिअर, कुणी वकील, कुणी आता स्वतःच आजोबा. सासरे प्रत्येकाला "हो हो, तू नं, मागच्या बाकावरचा," असं म्हणत होते आणि त्यांचा चेहरा उजळत होता. मग एकाने घसा खाकरून मानपत्र वाचायला घेतलं. "शिस्तीचे महामेरू, आमचे परमपूज्य गुरुवर्य, ज्यांना आम्ही सारे प्रेमाने..."

"थांब," सासरे म्हणाले.

त्यांच्या शाळेतल्या आवाजाबद्दल मी तोवर नुसतं ऐकून होते. आता कानाने ऐकला. तिकडे सगळं चिडीचूप झालं.

"ते नाव घेऊ नका. तुमची चूक नाही. मलाच आवडत होतं. पण आता नाही घ्यायचं."

तिकडे कुणीतरी हसलं. "सर, तुम्ही तिकडे जाऊन अमेरिकन झाले का हो?" आणि सगळा हॉल हसला. सासऱ्यांचे कान लाल झाले. हसण्यावारी न्यायला किती सोपं होतं! ती माणसं त्यांच्यावर जीव टाकत होती, वर्षाचा हा एकच दिवस होता, आणि हसून सोडून दिलं असतं तर कुणी त्यांना नावं ठेवली नसती. मला वाटलं, आता हसतील. जिन्याकडे बघायचा मला धीर झाला नाही.

त्यांनी पुस्तक पुढे ओढलं. "एक गोष्ट सांगतो," ते म्हणाले. "चित्रांची आहे. तुम्हाला दिसणार नाही, म्हणून काय काय दिसते ते मी सांगतो. मधात बोलायचं नाही."

आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली. बाईंसारखंच. स्वतःचं काही न घालता, फक्त जे दिसतं ते. हातातले बूट. खिडकीतला मुलगा. कुजबुजणारी मास्तरीण. कोटात काय शिवलंय, ते एका लहान मुलीनं मला दाखवलं, मला दिसलं नव्हतं, हेही सांगितलं. तिकडे कुणी खोकलंसुद्धा नाही. स्पीकरवर आवाज घुमायला लागला, तसा त्यांनी फोन उचलून तोंडाजवळ धरला. दुसऱ्या हातात पुस्तक. आता पान उलटेना. मी पुढे होणार, तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. मुलगी येऊन त्यांच्या शेजारी उभी राहिली, त्यांच्याकडे न बघता तिने पान उलटलं, आणि बोटाने दाबून धरलं.

ते हजेरीचं पान होतं. सासरे सांगत गेले. नाव घेतलं की एक बोट वर. नाव घेतलं की एक बोट वर. मग ते नाव आलं जिथे बोट वर होत नाही, आणि त्यांचा आवाज बंद पडला. शाळा सोडलेल्या पोरांना घरातून ओढून आणणारा तो माणूस हुंदके देत होता.

"सर? सर, लाइन गेली का?"

मुलीने त्यांच्या हातातला फोन आपल्याकडे वळवला. "लाइन आहे," ती म्हणाली. "आजोबा रडतायत. पुढचं मी सांगते."

तिने पुढचं सांगितलं. तिचं मराठी म्हणजे पुल्लिंग-स्त्रीलिंगाचा सगळा गोंधळ, मध्येच इंग्रजी. "आणि मग टीचर रोज सगळ्यांची नावं घेते. जे आले नाहीत ना, त्यांची पण. बिकॉज शी वोन्ट गिव्ह देम अप." पलीकडे कुणी हसलं नाही. ती थांबल्यावर तिकडून एक दबका आवाज आला, "बेटा, मग आम्ही सरांना काय म्हणायचं?"

मुलीने आजोबांकडे पाहिलं, कितीतरी दिवसांनी सरळ त्यांच्या तोंडाकडे. ते नुसती मान हलवत राहिले. मग तिनेच सांगून टाकलं, "सर म्हणा. जस्ट सर."

तिकडे खुर्च्या सरकल्याचा आवाज झाला, मोठा, लांबलेला. सगळे उठून उभे राहिले असावेत. आणि त्या टक्कल पडलेल्या, पोट सुटलेल्या माणसांनी वर्गात म्हणतात तसं एका सुरात म्हटलं, "नमस्ते, सर."

सासऱ्यांनी मफलरने डोळे पुसले. "बसा," ते म्हणाले, आणि स्वतः थोडं सरकून त्यांनी नातीला आपल्या खुर्चीवर जागा करून दिली.